गरम पाण्याच्या कुंडांमुळे आसपासच्या विहिरी आणि नदी खारट होते का?
हो, होऊ शकते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथलं गरम पाणी म्हणजे मुख्यतः पावसाचंच पाणी, भेगांतून खूप खोल मुरतं, तिथे तापतं आणि खडकातले क्षार विरघळवून परत वर येतं. पण सगळंच कुंडात निघत नाही हो, थोडं जमिनीखालीच आडवं पसरून विहिरींच्या गोड्या पाण्यात मिसळतं नाहीतर थेट नदीच्या पात्रात झिरपतं. पावसाळ्यात नदी दुथडी असते म्हणून कळत नाही, एप्रिल-मेमध्ये प्रवाह आटला की तेवढ्याच क्षारांनी पाणी मचूळ लागतं.

विहीर खाडीजवळ असेल तर मात्र आधी भरतीच्या पाण्याचा संशय घ्या. टेस्टला नुसता टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) नको, तापमान आणि सिलिका (खडकातून पाण्यात उतरणारं खनिज) पण बघा, समुद्राच्या पाण्यात सिलिका फारच कमी असते, म्हणून ती जास्त निघाली तर संशय गरम पाण्यावर.