शांत लॅब्रॅडॉर अचानक गुरगुरायला लागलाय, ट्रेनर बोलवावा का?

तुमचा सहा वर्षांचा लॅब आठवडाभरापासून डोक्याला हात लावला की गुरगुरतो, कॉटखाली जाऊन बसतो, आणि तुम्ही ट्रेनर शोधताय. ट्रेनरचं नंतर बघा. आधी डॉक्टर, जमलं तर उद्याच.

इतकं घाईने सांगतोय कारण मी स्वतः चुकलोय. आमचा बंड्या गावठी, तेव्हा आठ वर्षांचा. बहीण बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि त्याच सुमारास हा पट्टा घालताना दात दाखवायला लागला. बाळाचा हेवा वाटतोय, असं आम्ही ठरवूनच टाकलं. पंधरा दिवस त्याला मागच्या पडवीत बांधून ठेवलं. एका संध्याकाळी भाकरीचा कडक तुकडा टाकला. त्याने तो तोंडात घेतला, खाली टाकला, परत उचलला आणि मान तिरकी करून फक्त डाव्या बाजूने चावला. उजवीकडून लाळ गळत होती. डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवलं, तर वरची मोठी दाढ उभी चिरली होती. हाडं चघळणाऱ्या कुत्र्यांची ही दाढ अशी फुटते. ती भूल देऊन काढली, आणि काही दिवसांत बंड्या आपणहून पट्ट्यात मान घालायला लागला. ते पंधरा दिवस मला अजून बोचतात.

तुम्ही डोक्याचं लिहिलंय म्हणून माझा पहिला संशय कानावर. लॅबचे कान पडलेले, आत ओल राहते, पावसाळ्यात बुरशी धरते. तो डोकं झटकतो का, कान जमिनीला घासतो का, जवळ गेल्यावर आंबूस वास येतो का, ते बघा. उठताना वेळ लागत असेल, जिना टाळत असेल, तर खुब्याचं दुखणं असू शकतं. या जातीत ते बरंच आढळतं. अंगावर गोचीड सापडली, खाणं कमी झालं, हिरड्या फिक्या दिसल्या, तर गोचीड तापासाठी रक्त तपासायला सांगा. नुसतं अंग गरम लागलं म्हणजे ताप नव्हे, कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. घरातली वागणूक मोबाइलवर शूट करून न्या, दवाखान्यात बरीच कुत्री भीतीने दुखणं दाखवत नाहीत.

आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या त्याला अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. आणि गुरगुरला म्हणून मारू नका. तो सांगतोय की दुखतंय. ते सांगणं मारून बंद केलं, तर पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल.

एका बाबतीत मात्र उद्यापर्यंतही थांबू नका. रेबीजची लस चुकली असेल, मध्यंतरी बाहेरच्या कुत्र्याने चावलं असेल, आणि आता आवाज बदललाय, गिळता येत नाही, जबडा लोंबतोय, तर तोंडाजवळ हात नेऊ नका. त्याला एका खोलीत बंद करून लगेच डॉक्टरांना फोन करा. कुणाला दात किंवा जखमेला लाळ लागली असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

तसं काही नसेल, तर आज रात्री त्याला कॉटखालून ओढून काढू नका. पाण्याचं भांडं जवळ सरकवा, मुलांना लांब ठेवा आणि तो आपणहून बाहेर येईपर्यंत थांबा.