‘एवढं दाखवलं, पण मुलांना त्याचं काहीच नाही!’

“आमच्या मुलांमध्ये काही कमी आहे का, ते एकदा बघा.”

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आई खुर्चीत नीट टेकायच्या आतच हे बोलून गेली. शेजारी वडील, मांडीवर प्लास्टिकची पारदर्शक फाइल. मुलं बरोबर आणली नव्हती. “ती आली असती तर पुन्हा भांडणच झालं असतं,” वडील म्हणाले.

झालं होतं ते असं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सुट्टीत नऊ दिवसांचा गाडीने प्रवास आखला होता. स्टिअरिंगवर वडील, शेजारी आई, मागे आजी, चौदा वर्षांची थोरली आणि नऊ वर्षांचा धाकटा. पाच संग्रहालयं, नऊ ऐतिहासिक ठिकाणं. सातव्या दिवशी दुपारी एका किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी थांबली आणि थोरली उतरलीच नाही. “तुम्ही बघून या. मी इथेच बसते.” वडिलांचा आवाज चढला, धाकटा रडायला लागला. उरलेली ठिकाणं रद्द झाली आणि परतीच्या वाटेवर चार तास गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

“पैसा गेला, रजा गेली, त्याचं काही नाही हो,” वडील म्हणाले. “पण मुलांना इतिहासाची आवडच नाही. मोबाईलपलीकडे काही दिसत नाही त्यांना.”

सुट्ट्या संपल्या की ही तक्रार माझ्याकडे हमखास येते. दर वेळी ठिकाणं वेगळी, वाक्य मात्र तेच: आम्ही एवढं केलं आणि यांना त्याचं काहीच नाही.

मी फाइल मागितली. आत प्रवासाचं वेळापत्रक होतं आणि ते फार मन लावून केलेलं होतं. ‘१०.१० तिकीट, स्वच्छतागृह. १०.२० शस्त्रदालन, १२ मिनिटं. १०.३२ नाणी, ८ मिनिटं. १०.४० दैनंदिन वापराच्या वस्तू, ५ मिनिटं.’ प्रत्येक ओळीपुढे हिरव्या पेनाची टिकखूण. शेवटच्या पानावर सातव्या दिवसापुढे लाल फुली. पेन इतकं दाबलं होतं की तिथे कागद फाटला होता. पानांच्या मागे रात्रीच्या प्रश्नमंजूषेचे गुण होते. रोज दहा प्रश्न, बरोबर उत्तराला पाच गुण, शेवटी जिंकणाऱ्याला बक्षीस.

इथे माझी चूक झाली. मी हसून म्हणाले, “सहल होती की बोर्डाची परीक्षा?” इतक्या वर्षांच्या कामानंतर तरी मला कळायला हवं होतं की ज्या कागदावर माणसाने तीन महिन्यांच्या रात्री घालवल्यात, त्याची थट्टा करायची नसते. वडिलांनी फाइल बंद केली, बाकीचा वेळ सभ्यपणे मान डोलावली आणि पुढच्या भेटीला आलेच नाहीत.

आई एकटीच आली. ती सांगायला लागली तेव्हा मला फाइलीचा अर्थ लागला. वडील सहावीत असताना शाळेची सहल एका मोठ्या संग्रहालयाला गेली होती. घरी पैसे नव्हते, ते गेले नाहीत. सहलीनंतर गुरुजींनी सगळ्या वर्गाला ‘आमची सहल’ हा निबंध लिहायला लावला. यांनी मित्रांना विचारून विचारून, कुठे काय होतं ते पाठ करून निबंध लिहिला, आणि तोच वर्गात पहिला आला. “हे अजून अभिमानाने सांगतात ते,” आई म्हणाली आणि मग जरा थांबून, “पण सांगून झालं की गप्प होतात.”

न जाता, निव्वळ माहितीवर ज्याला पहिला नंबर मिळाला, त्याच्या लेखी ‘पाहणं’ म्हणजे ‘माहिती होणं’ झालं तर नवल काय? मुलांना जे द्यायचं ते त्याने गच्च भरून द्यायचं ठरवलं. मी वडिलांना फोन केला, त्या वाक्याबद्दल माफी मागितली आणि सगळ्यांना घेऊन यायला सांगितलं. आजींनाही.

त्या दिवशी मी एकच प्रश्न विचारला: प्रवासात पाहिलेली कुठली गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे? सनावळी नको, नाव नको, फक्त काय दिसतं ते सांगा.

आजी लगेच म्हणाल्या, “तो पहारेकरी. दिवसभर फरशीवर उभा. गार लागतं म्हणून बिचाऱ्याने पुठ्ठ्याची घडी पायाखाली घेतली होती.” धाकटा म्हणाला, “तोफ. म्हणजे तोफेच्या तोंडात घरटं होतं. पिल्लं ओरडत होती.” थोरली खिडकीबाहेर पाहत होती. मी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने तिने तोंड उघडलं, “एक कंगवा होता. हाडाचा. एवढुसा. त्याचे दोन दात तुटलेले.”

“कुठला कंगवा?” वडिलांनी फाइल उघडली. “कुठल्या दालनात?”

“तुमच्या त्या पाच मिनिटांच्या दालनात. मला बघायचं होतं, त्यात केस अडकलाय का. तुम्ही म्हणालात, चल चल, अजून वरचा मजला राहिलाय.”

वडिलांचं बोट त्या ओळीवर गेलं. तिथे हिरवी टिकखूण होती.

पुढे जे बोलणं झालं ते बरंचसं वडिलांशी, आणि ते मी आकड्यांत केलं. त्यांना आकडे पटतात.

संग्रहालयात माणूस थकतो याला नाव आहे: संग्रहालय-थकवा. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ मध्ये यावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तूंविषयी साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याचे फोटो काढले: कुठे तो वाकलाय, कुठे उकिडवा बसलाय, कुठे मान वेळावून बघतोय. दोष बघणाऱ्याचा नाही, मांडणीचा आहे, असा त्यांचा रोख होता. पुढे १९८५ मध्ये जॉन फॉक आणि सहकाऱ्यांनी एका निसर्गविज्ञान संग्रहालयात लोकांच्या वागण्याची नोंद केली. साधारण पहिला अर्धा-पाऊण तास लोक मन लावून बघत होते, नंतर नुसते पुढे सरकत होते. तुमच्या वेळापत्रकात, मी म्हणाले, एका संग्रहालयाला साडेतीन तास आहेत. आणि त्याच दिवशी दुपारी दुसरं.

“पण मग सगळं बघून कसं होणार?”

होतच नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यातल्या सुमारे ८० हजारच, म्हणजे शेकडा एक, लोकांसमोर मांडलेल्या असतात. त्या ८० हजारांपुढे प्रत्येकी तीस सेकंद उभं राहायचं म्हटलं तरी साडेसहाशेहून जास्त तास लागतील. रोज आठ तास धरले तर ८३ दिवस. वडिलांनी मोबाईलवर हिशेब करून पाहिला, बरोबर निघाला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

बक्षिसाचा मुद्दा त्यांना जड गेला. “स्पर्धा नसेल तर मुलं लक्ष देणार नाहीत,” हे त्यांचं ठाम मत. मी त्यांना १९७३ मधला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग सांगितला. ज्या बालवाडीतल्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. ते दिलंही. आठवडा-दोन आठवड्यांनी बक्षिसाविना तीच स्केचपेनं समोर ठेवली, तर ही मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना अचानक, न सांगता बक्षीस मिळालं होतं त्यांचं असं झालं नाही. म्हणजे बक्षीस वाईट असं नव्हे. पण आपणहून होणाऱ्या गोष्टीला आधीच भाव लावला की ती मजुरी होऊन बसते. धाकट्याला तोफेची लांबी पाठ होती. घरट्याचं त्याने घरी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण त्याला गुण नव्हते.

एक गोष्ट मात्र अगदी साधी होती आणि कुणाच्याच लक्षात आली नव्हती. पुढच्या ठिकाणाची माहिती मुलांनी चालत्या गाडीत वाचायची, असा नियम होता. धाकट्याला रोज मळमळायचं, दोनदा उलटी झाली. ते ‘नाटक’ ठरलं होतं. डोळे कागदावर खिळलेले असतात तेव्हा ते मेंदूला सांगतात, आपण स्थिर आहोत. आतला कान सांगतो, आपण हलतोय. या विसंगतीतून गाडी लागते, आणि साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना ती जास्त लागते. मळमळत्या पोटाने कुठला दरवाजा कुणी बांधला यात कुणाला रस असेल?

आईचा प्रश्न राहिला होता: मुलांमध्ये काही कमी आहे का? मी थोरलीशी वेगळं बोलले. तिला झोप लागत होती, मैत्रिणी होत्या, चित्रकला चालू होती. मुलाचं मन फक्त सहलीतून उडालं असेल तर दुरुस्ती सहलीची करायची. आवडत्या सगळ्याच गोष्टींतून ते दोन आठवड्यांहून जास्त उडालं असेल, झोप-भूक बिघडली असेल, माणसं टाळत असेल, तर तो ‘इतिहासाची आवड नाही’ एवढाच विषय राहत नाही, तेव्हा तज्ज्ञाकडे जायलाच हवं. इथे तसं नव्हतं. गाडीतून का उतरली नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, “सात दिवसांत मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं, कुठे थांबायचंय. म्हणून मीच थांबले.” याहून स्वच्छ उत्तर मोठ्यांकडूनही मला क्वचित मिळतं.

पुढचा प्रवास त्यांनी माझ्या खोलीतच आखला. तीन दिवस, चार ठिकाणं. वडिलांना हे उपास केल्यासारखं वाटत होतं, पण कबूल झाले. प्रत्येक ठिकाण एकेकाच्या ताब्यात: ज्याचं ठिकाण, तो ठरवणार कुठे रेंगाळायचं. आत जास्तीत जास्त सव्वा तास, त्याआधी कुणीही ‘बस’ म्हटलं की त्याने बाहेर बाकावर बसायचं आणि त्याला टोमणा मारायचा नाही. (टोमण्याची अट आजींनी घातली.) गाडीत वाचन बंद, थोरलीकडे नकाशा, दर दोन तासांनी पाय मोकळे करायला थांबा, कारण चालवणाराही माणूसच असतो. रात्री प्रश्नमंजूषा नाही. त्याऐवजी प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची, आणि सुरुवात मोठ्यांनी करायची. ती माहिती नसावी, स्वतःला दिसलेली असावी. फोटोंवरही वाद झाला. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं होतं की ज्या वस्तूंचे लोकांनी नुसते फोटो काढले, त्या त्यांना कमी आठवल्या. झूम करून एखाद्या भागाचा फोटो काढला तर मात्र तसं झालं नाही. तेव्हा ठरलं, आधी बघायचं, मग हवा तर एखाद्या बारकाव्याचा फोटो.

सगळं गोडीगुलाबीने पार पडलं असं नाही. पहिल्याच दिवशी नकाशावरून बाप-लेकीची जुंपली आणि चाळीस किलोमीटर उलटं जावं लागलं. धाकटा एका संग्रहालयात वीस मिनिटांत ‘बस’ म्हणून बाहेर पडला आणि वडिलांनी टोमणा गिळला, तो गिळताना दिसलाही, असं आई म्हणाली. रात्री बोलायची पाळी आली तेव्हा वडिलांना काही सुचेना. माहिती सोडून आपल्याला काय दिसलं हे सांगायची त्यांना सवयच नव्हती. पहिल्या रात्री ते म्हणाले, “पायरी मधोमध झिजली होती,” आणि थांबले. धाकट्याने विचारलं, “किती झिजली होती?” त्यावर बरंच बोलणं झालं म्हणे.

चौथं ठिकाण थोरलीचं होतं. तिने निवडलं तेच, कंगव्याचं संग्रहालय. तिथे पोचले तर ते दालन दुरुस्तीसाठी बंद.

हे मला वडिलांनीच सांगितलं, शेवटच्या भेटीत, थोरली शेजारी बसलेली असताना. मला वाटलं, आता पुन्हा फुली. पण त्यांनी खिशातून एक तिकीट काढलं. दालन बंद होतं म्हणून दोघं बाहेर पायऱ्यांवर बसले, ती आठवून सांगत गेली आणि ते तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढत गेले. चित्र यथातथाच होतं, कंगवा कमी आणि कुंपण जास्त वाटत होता.

“हे दोन तुटलेले,” वडील बोट ठेवत म्हणाले. “डावीकडून तिसरा आणि चौथा.”

“उजवीकडून, बाबा,” थोरली म्हणाली आणि माझ्या टेबलावरचं पेन उचललं.