आधी सरळ नळी बोलती करा

माणसाच्या घशा-तोंडाचं मॉडेल संगणकावर करून त्यातून आवाज काढायचा असेल, तर पहिल्याच दिवशी जीभ, टाळू, दात असं सगळं त्रिमितीत उभारायला जाऊ नका. एक सरळ नळी घ्या: १७.५ सेंटिमीटर लांब, स्वरतंतूंकडे बंद, ओठांकडे उघडी. ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला की अनुनाद (ज्या वारंवारतांना नळी जोरात घुमते त्या) ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झच्या आसपास यायलाच हवेत. आले नाहीत, तर कोड चुकलाय, तिथेच थांबा.

मग जॉन केली आणि कॅरोल लॉकबॉम या संशोधकांच्या १९६२ च्या पद्धतीने नळीचे छोटे तुकडे करा, प्रत्येकाची रुंदी वेगळी ठेवता येईल असे. सॅम्पलिंग ४४,१०० हर्ट्झ असेल, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे तेवढे नमुने (सॅम्पल) असतील, तर एका सॅम्पलच्या वेळात ध्वनी साधारण ८ मिलिमीटर जातो, म्हणजे २२ तुकडे पुरतात. दोन तुकड्यांच्या सांध्यावर किती ध्वनी परततो, ते फक्त त्यांच्या क्षेत्रफळांवर ठरतं. घशाकडचे तुकडे अरुंद करून तोंडाकडचे रुंद केले की 'आ' उमटतो, उलट केलं की 'ई'. मला हा क्षण आजही फार आवडतो!

दोन्ही टोकांना ध्वनी पूर्णच्या पूर्ण परतवू नका, नाहीतर नळी घंटेसारखी घुमत राहते. आणि आवाज यांत्रिक वाटला तर नळीला दोष देण्याआधी स्वरतंतूंचा स्पंद, म्हणजे नळीत सोडलेला मूळ ध्वनी, तपासा. बहुतेकदा गोम तिथेच असते.