पाच जण वाचणार असतील, तर एकाचा जीव घेणं योग्य आहे का?

माझं उत्तर: फक्त आकड्यांच्या जोरावर, नाही.

१९६७ साली तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी ट्रामचा पेच मांडला. गाडी ताब्यात राहिली नाही, समोर पाच मजूर, दुसऱ्या रुळावर एक; चालकाने वळवावी का? बहुतेक जण ‘वळवावी’ म्हणतात. मीही. पण १९७६ मध्ये तत्त्वज्ञ ज्युडिथ थॉमसन यांनी सर्जनचं उदाहरण पुढे आणलं. ते नागपुरात आणू. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाच रुग्ण अवयवांची वाट पाहताहेत आणि एक धडधाकट माणूस खोकला दाखवायला ओपीडीत आला. कापायचा का त्याला? हिशेब तोच, तरी कोणी हो म्हणत नाही. ट्राम वळवताना तो एकटा तिथे नसता तर आपल्याला आनंदच झाला असता. इथे मात्र त्याच्या मरणाशिवाय बेतच फसतो. (असं झालं तर लोकांना दवाखान्यात जायची भीती वाटेल, तो भाग वेगळा.)

आपला १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदाही याच बाजूचा. चार डॉक्टरांनी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू ठरवायचा, त्यातही नातेवाइकांची संमती हवी. मगच अवयव काढायचे आणि विमानतळाकडे ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे वाहतूक थांबवून मोकळा केलेला रस्ता. वाट पाहणारे पाच असोत की पन्नास, त्या तपासणीत सूट नाही.