‘विट्वे’ आणि विधवा

संगीतकार फ्रान्झ लेहारच्या ‘डी लुस्टिगे विट्वे’ या जर्मन ऑपेरेटाचे, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकाचे, नाव मराठीत ‘रंगेल विधवा’ असे करावे की ‘आनंदी विधवा’, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. त्यांनी भाषांतराचा विचार तरी केला. एरवी इंग्रजीवरून उचललेले ‘मेरी विडो’ देवनागरीत छापून मोकळे होणारेच फार, आणि मग कोणी त्यात मेरी नावाची बाई शोधतो, तर कोणी ते हिंदी समजून ‘माझी विधवा’ असे वाचतो.

‘रंगेल’ नको, ‘आनंदी’ चालेल. मृत बँकर नवऱ्याचे दोन कोटी वारशाने मिळालेली हाना ग्लावारी परक्याशी लग्न करून पैसा बाहेर नेईल आणि पोंटेवेड्रोचे कल्पित राज्य बुडेल, या धास्तीने पॅरिसमधला त्या देशाचा राजदूत काउंट दानिलोला तिच्याशी लग्न करायला भरीस घालतो. ३० डिसेंबर १९०५ रोजी व्हिएन्नात रंगभूमीवर आलेल्या या कथेत तिचा रंगेलपणा कुठे दिसतो?

खरी मौज ‘विट्वे’ या विधवेसाठीच्या जर्मन शब्दात आहे, कारण ती आणि आपली ‘विधवा’ सख्ख्या बहिणी आहेत. लॅटिन ‘विदुआ’ आणि फारशी ‘बेवा’ही त्याच घरच्या. असे असताना आपले पंडित अजून ‘वि + धव’, म्हणजे जिचा धव अर्थात पती गेला ती, अशी फोड शिकवतात. निरुक्त या शब्दव्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात यास्काचार्यांनी ती दिली आहे हे खरे; पण त्यांनी तिथे एकाच शब्दाच्या तीन-चार व्युत्पत्ती दिल्या आहेत, आणि ज्याला इतके पर्याय लागतात त्याची कोणत्याही एकावर फारशी निष्ठा नसावी, असे मला वाटते. युरोपातल्या या भगिनींपैकी एकीच्याही घरी ‘धव’ नावाचा नवरा सापडत नाही. ‘विधवा’ हा मुळात अखंड शब्द होता. तो चुकीचा तोडल्यावर ‘धव’ सुटा झाला, त्याला ‘स’ जोडून ‘सधवा’ उभी राहिली, आणि ‘मधु’पासून आलेल्या सरळ ‘माधव’लाही टीकाकारांनी ‘मा’चा, म्हणजे लक्ष्मीचा, धव करून टाकले. नवरा आधी आणि विधवा मागाहून, हा जगाचा क्रम या शब्दांपुरता उलटा झाला.

पोंटेवेड्रो म्हणजे उघडउघड बाल्कनमधले माँटेनेग्रो. दानिलो हे तिथल्या तेव्हाच्या युवराजाचेच नाव. तेव्हा हाना स्वतःच्या मायबोलीत ‘उदोवित्सा’ ठरली असती. तो शब्दही याच कुळातला, आणि त्यालाही धव ठाऊक नाही.