विमानावरचा नारिंगी आणि हिरवा फवारा: कोणता कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टोरांटोहून निघताना एका विमानावर आधी नारिंगी आणि लगेच हिरवा फवारा मारला, पुढच्या वेळी तशाच विमानावर फक्त नारिंगी. दुसऱ्या वेळी कंपनीने पैसे वाचवले का? आणि केबिनमध्ये आलेला गोडसर वास कसला?

पैसे वाचवले असं मला वाटत नाही. दुसऱ्या खेपेला बहुतेक बर्फ पडत नव्हता. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या पंखांवर दहिवर गोठून पांढरा थर बसतो. आकाश मोकळं असेल तर तो थर काढला की काम संपलं. पण वरून बर्फ पडत असेल, तर पंख साफ करणं हे निम्मंच काम. धावपट्टीवर जाऊन नंबर लागेपर्यंत तो साफ राहायलाही हवा. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यासाठी द्रवही वेगळे आहेत.

नारिंगी म्हणजे टाइप वन. ग्लायकॉल (पाण्याचा गोठणबिंदू खाली आणणारं रसायन), पाणी, गंज न लागण्यासाठीची रसायनं आणि रंग. यात दाटपणा आणणारं काही नसतं, त्यामुळे तो पाण्यासारखा वाहतो. तो गरम करून मारतात, नोझलशी निदान ६० अंश सेल्सिअस तरी हवा. तुम्हाला खिडकीतून वाफेचे लोट दिसले असतील ते यामुळेच. बर्फ वितळतो तो मुख्यतः या उष्णतेने आणि फवाऱ्याच्या जोराने. ग्लायकॉलचं काम मागे राहिलेलं पाणी लगेच गोठू न देणं. पंख गार झाला आणि वरचा बर्फ त्या पातळ थरात मिसळत गेला की संरक्षण संपलं. पडत्या बर्फात टाइप वनचा भरवसा मिनिटांत मोजायचा, दहा-वीस मिनिटं म्हणजे बरीच झाली.

हिरवा तो टाइप फोर. यात पॉलिमर घालून दाटपणा आणलेला असतो आणि तो बहुधा गरम न करताच मारतात. खरी गंमत या दाटपणातच आहे. सॉसची बाटली उलटी धरली तर काही येत नाही आणि तळाला एक थाप मारली की भसकन येतं, तसं याचं वागणं. विमान उभं असताना थर पंखाला धरून राहतो. धावपट्टीवर वेग वाढला की वारा त्याला ओढतो, तो पातळ होतो आणि विमान उचलायच्या आत बराचसा मागे वाहून जातो. म्हणूनच तो कुठल्याही विमानाला चालत नाही. टाइप टू आणि फोर साधारण १०० नॉटच्या (ताशी सुमारे १८५ किलोमीटरच्या) वर वेग गेल्यावर उचलणाऱ्या जेटसाठी आहेत. हळू वेगावर उचलणाऱ्या छोट्या विमानांसाठी टाइप थ्री असतो, भडक पिवळ्या रंगाचा. टाइप टू रंगहीन किंवा फिकट पिवळसर. युरोपात त्याचा वापर जास्त.

एवढं सांगितल्यावर लगेच हेही सांगतो की रंगावर विसंबून कोणी विमान सोडत नाही. रंगाचा उपयोग फवारणीच्या गाडीच्या बूममध्ये, म्हणजे उंच लांब हातावर, उभ्या माणसाला पंखाचा कुठला भाग राहिला ते दिसावं, एवढाच. टाकीत काय आहे हे लेबलावरून, कागदांवरून आणि चाचणीवरून ठरतं. रोजची चाचणी रिफ्रॅक्टोमीटरची, म्हणजे द्रवातून जाताना प्रकाश किती वळतो ते दाखवणाऱ्या हातातल्या यंत्राची. नोझलमधून नमुना घ्यायचा, काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. गोलात निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात ती रेघ वाचायची आणि उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून गोठणबिंदू काढायचा. टाइप वनचा गोठणबिंदू बाहेरच्या तापमानापेक्षा निदान १० अंश खाली लागतो. नवीन मुलं इथे हमखास फसतात: त्यांना वाटतं यंत्राने द्रवाचा प्रकार कळला. त्याने फक्त ग्लायकॉलचं प्रमाण कळतं. पाणी घातलेला टाइप वन आणि नुसता टाइप फोर यांचा आकडा जवळपास सारखा येऊ शकतो. फरक दाटपणात आहे आणि तो व्हिस्कोमीटरवरच नीट मोजला जातो. नमुन्याच्या बाटल्या हलवून पाहिल्या तरी अंदाज येतो. टाइप वनमधले बुडबुडे भराभर वर येतात, टाइप फोरमध्ये अधांतरी लटकून राहतात. चुकीच्या पंपातून गेला तरी टाइप फोरचा पॉलिमर तुटतो. रंग हिरवागार, आणि पंखावर मात्र टिकत नाही.

दोन फवाऱ्यांमध्ये फार वेळ घालवत नाहीत. नारिंगी थर गोठायच्या आत, म्हणजे साधारण ३ मिनिटांत, हिरवा पडायला हवा. या शेवटच्या फवाऱ्याची सुरुवात झाली की घड्याळ सुरू होतं, संपल्यावर नाही. वैमानिकाला रेडिओवर द्रवाचा प्रकार, त्याचं प्रमाण आणि सुरुवातीची वेळ सांगितली जाते, मग तो तक्त्यात तापमान आणि बर्फाचा जोर बघून किती वेळ हाताशी आहे ते काढतो. कॅनडा आणि अमेरिकेची विमान वाहतूक खाती हे तक्ते दर हिवाळ्याआधी नव्याने काढतात. हलक्या बर्फात टाइप फोर तासाच्या पुढेही टिकू शकतो. वेळ संपली तर पुन्हा रांगेत उभं राहायचं, प्रवासी कितीही चिडले तरी.

ही कटकट कशासाठी, ते २२ मार्च १९९२ ला न्यूयॉर्कच्या लागार्डियावर दिसलं. यूएसएअरच्या ४०५ क्रमांकाच्या फोकर एफ-२८ वर टाइप वन दोनदा मारला होता. दुसऱ्यांदा मारल्यावर उड्डाणापर्यंत सुमारे ३५ मिनिटं गेली, बर्फ पडतच होता. विमान उचललं आणि कोसळलं. २७ माणसं गेली. त्याआधी १० मार्च १९८९ ला ओन्टारियोतल्या ड्रायडनला याच जातीचं विमान मुळीच न फवारता निघालं. त्याचं सहायक पॉवर युनिट, म्हणजे मोठी इंजिनं सुरू करून देणारं छोटं इंजिन, बंद होतं आणि तिथे इंजिन पुन्हा सुरू करायची सोय नव्हती, म्हणून इंजिन चालू ठेवावं लागलं. आणि इंजिन चालू असताना फवारणी करायला कंपनीची मनाई. २४ जण गेले. प्रवाशांमध्ये दोन वैमानिक बसले होते. पंखावरचा बर्फ त्यांनी पाहिला, हवाई सेविकेनेही पाहिला, पण कॉकपिटपर्यंत कोणी गेलं नाही. न्यायमूर्ती मोशान्स्की यांच्या आयोगाने याची मुळापासून चौकशी केली आणि कॅनडात आज आम्ही जे नियम पाळतो त्यातले बरेच तिथून आले आहेत. तेव्हा हिरव्या थराची चकाकी जाऊन तो निस्तेज झालेला, किंवा त्यावर बर्फ न विरघळता साठत असलेला दिसला तर बेल दाबा आणि सांगा. वेड्यात काढतील ही भीती नको.

हिरव्याचा एक तोटाही आहे. शेपटीच्या फटींमध्ये, जिथे वारा पोचत नाही, तिथे तो सुकून पापुद्रा राहतो. पुढे पाऊस लागला की तो फुगून जेल होतो आणि उंचीवर गोठला तर एलिव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) जड होतो, अडकतोही. म्हणून त्या जागा उघडून साफ कराव्या लागतात. कंटाळवाणं काम, पण टाळता येत नाही.

आता वास. फवारणी चालू असताना केबिनमध्ये येणारी बाहेरची हवा बंद ठेवतात, पुन्हा सुरू केली की आत राहिलेला ग्लायकॉल गरम होऊन गोडसर वास येतो. थोड्या वेळात जातो. एक मात्र लक्षात ठेवा: फवारणीच्या जागी काम करत असाल आणि एथिलीन ग्लायकॉलवाला द्रव बुटाला लागला असेल, तर बूट घराबाहेर धुवा. कुत्र्यांना त्याची गोड चव आवडते आणि थोडासाही त्यांची मूत्रपिंडं निकामी करायला पुरतो.