बरोक संगीताचा आजच्या पॉप गाण्यांवर खरंच प्रभाव आहे का?

आहे, आणि बराच आहे, फक्त रील्समध्ये दाखवतात तिथे तो नाहीये. तुम्ही लिहिलंय की "पाखेलबेलचा कॅनन हा सगळ्या पॉप गाण्यांचा बाप" असा एक व्हिडिओ पाहिला, मग एका मित्राने हे सगळं थोतांड आहे म्हणून सांगितलं, तर दोघांपैकी खरं कोण. दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. मी बेस गिटार वाजवतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पोटासाठी आणि मित्रांच्या रॉक बँडमध्ये हौसेसाठी, त्यामुळे माझं उत्तर खालच्या तारांकडे झुकलेलं असणार हे आधीच गृहीत धरा.

बरोक म्हणजे युरोपातल्या शास्त्रीय संगीताचा ढोबळमानाने 1600 ते 1750 चा काळ. मोंतेव्हेर्दी, पर्सेल, विवाल्डी, हँडल, बाख ही मंडळी. मोझार्ट आणि बीथोव्हन यात येत नाहीत, हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी हमखास 'छाया'मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' पुढे करतं. सलील चौधरींनी तो मुखडा मोझार्टच्या 40 व्या सिंफनीवरून घेतला आणि ती सिंफनी 1788 ची, म्हणजे बाख जाऊन तोवर 38 वर्षं झाली होती. गाणं झकास आहे, पण इथे त्याला जागा नाही.

आता कॅनन. योहान पाखेलबेल (1653–1706) हा जर्मन ऑर्गनवादक, त्याने तीन व्हायोलिन आणि खाली एक बेस अशी ही रचना केली. बेसला फक्त आठ सूर आहेत. डी ला सा धरलात तर सा प ध ग म सा म प, सगळे शुद्ध, पेटीवर आत्ता वाजवून बघा. हे आठ सूर शेवटपर्यंत बदलत नाहीत, 28 आवर्तनं तेच, आणि वर तीन व्हायोलिन एकच चाल एकामागून एक उचलतात, त्यालाच कॅनन म्हणतात. तबल्याच्या सोलोला लेहरा धरतात ना, तसाच हा प्रकार आहे, लेहरेवाला जागचा हलत नाही म्हणून तर वरच्याला वाट्टेल ते करता येतं. खालच्या या न बदलणाऱ्या बेसला ग्राउंड बेस म्हणतात आणि त्या काळात असे ठरलेले बेस कित्येक होते, लोक ते उचलायचे आणि त्यावर आपापलं काम करायचे, त्यात कोणाला चोरीबिरी वाटायची नाही.

गंमत अशी की हा कॅनन पुढची दोनशे वर्षं कोणाला फारसा माहीतच नव्हता. 1919 मध्ये तो छापला गेला आणि खरा गाजला 1968 मध्ये ज्याँ-फ्रांस्वा पायारच्या ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगमुळे, संथ आणि गुळगुळीत, लग्नात वाजतं तेच. त्याच वर्षी 'रेन अँड टिअर्स' आलं, अफ्रोडाइट्स चाइल्ड या ग्रीक बँडचं, ते उघडउघड कॅननवर बसवलेलं आहे. 1997 मध्ये कूलिओने तोच घेऊन त्यावर रॅप केलं, 2019 मध्ये मरून फाइव्हचं 'मेमरीज' आलं. या गाण्यांबद्दल वादच नाही. पण व्हिडिओवाला एकदा सुरू झाला की 'लेट इट बी'पासून जगातलं प्रत्येक चार कॉर्डचं गाणं त्यात कोंबतो, आणि तिथे तुमचा मित्र बरोबर आहे. सा, प, ध, म या कॉर्ड कोणीही गिटार घेऊन बसला तरी अर्ध्या तासात सापडतात, त्यासाठी पाखेलबेल ऐकावा लागत नाही. आणि 1968 च्या आधीच्या पॉप गाणेवाल्यांनी तर तो ऐकलेला असण्याची शक्यताच कमी!

मग प्रभाव कुठे आहे? माझ्या मते गाण्याच्या बांधणीत. बरोकच्या आधीच्या चर्चसंगीतात चार-पाच आवाज असायचे आणि सगळे साधारण एकाच तोलामोलाचे, कोण मुख्य आणि कोण साथीला असं काही नाही. 1600 च्या आसपास इटलीत हे बदललं. वर एक गाणारा, खाली एक बेस, आणि मधली जागा हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य) किंवा ल्यूटवाल्याने (ल्यूट म्हणजे गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) भरायची. कशी भरायची तर बेसच्या सुरांखाली आकडे लिहिलेले असायचे, त्यावरून कुठली कॉर्ड ते कळायचं, पण ती कशी फोडायची, किती सजवायची हे वाजवणाऱ्यावर. आता आमच्या ऑर्केस्ट्रात काय होतं? कीबोर्डवाल्यासमोर कागद असतो, त्यावर गाण्याचे शब्द आणि वर कॉर्डची नावं, बाकी त्याचं त्याने बघायचं. गायक वर, बेस खाली, मध्ये कॉर्ड. जॅझ असो, रॉक असो की परवा आलेलं एखादं पॉप गाणं, हीच व्यवस्था आहे. ती इतकी अंगवळणी पडलीय की कोणी कधीतरी सुरू केली असेल असं डोक्यातही येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उतरता बेस, आणि हा माझा अगदी लाडका विषय आहे. सा, कोमल नि, कोमल ध, प. चार सूर पायरी पायरीने खाली. मोंतेव्हेर्दीने 1638 मध्ये छापलेल्या 'लामेंतो देल्ला निन्फा'मध्ये एक बाई प्रियकर सोडून गेला म्हणून रडतेय आणि खाली हेच चार सूर सारखे फिरतायत, ती कधी त्यांच्या आधी येते कधी मागे राहते, ठेक्याशी तिचं भांडण चालू असल्यासारखं. तेव्हापासून हा बेस म्हणजे शोक असं समीकरणच झालं. पर्सेलने 1689 च्या सुमारास 'डायडो अँड ईनिअस' या ऑपेरामध्ये मरायला निघालेल्या राणीच्या तोंडी जे गाणं दिलंय त्यात मधले सूरसुद्धा घेतलेत, सा, शुद्ध नि, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध, प, ऐकताना पोटात खड्डा पडतो. आता रे चार्ल्सचं 1961 चं 'हिट द रोड जॅक' लावा. तेच चार सूर, सा नि ध प, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फक्त इथे बाई त्याला हाकलतेय. आणि लेड झेपलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'ची सुरुवात, जी शिकल्याशिवाय एकही गिटारवाला मोठा होत नाही, त्यात मधली एक तार अर्ध्या अर्ध्या सुराने खाली येते ती पर्सेलच्या राणीच्याच जिन्याने. रे चार्ल्सने मोंतेव्हेर्दी ऐकला होता का? मला तसं अजिबात म्हणायचं नाहीये. हे सूर स्पेनच्या फ्लामेंकोतही आहेत आणि लोकगीतांतही, तिथून फिरत फिरत आले असतील. पण कॉर्डची ही भाषा बरोकमध्ये पक्की झाली आणि पुढे चर्चमधल्या भजनांतून, पियानोच्या क्लासमधून सगळीकडे पसरली, एवढं नक्की म्हणता येतं.

पियानोच्या क्लासवरून नीना सिमोन आठवली. तिला क्लासिकल पियानिस्ट व्हायचं होतं, बाखवर तिचं प्रचंड प्रेम, पण झाली क्लबमध्ये गाणारी. तिच्या पहिल्या अल्बममधलं 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' ऐका, मध्ये पियानो सोलो येतो तो सरळ बाखसारखा, डावा हात एक बोलतोय उजवा दुसरं, आणि खाली स्विंगचा ठेका चालूच आहे. कोणी कोणाची नक्कल करतंय असं एक क्षणही वाटत नाही, कारण तिच्या बोटांत ते आधीपासूनच होतं. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात अस्सल नमुना आहे.

त्या मानाने साठच्या दशकात 'बरोक पॉप' म्हणून जे आलं त्यातलं बरंचसं वरचं पॉलिश आहे. हार्पसिकॉर्ड घाला, दोन व्हायोलिन घाला, झालं. पण काही नग भारी आहेत. बीटल्सच्या 'इन माय लाइफ'मधला (1965) तो सोलो हार्पसिकॉर्ड नाहीच, त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिनने पियानो वाजवला आणि टेप निम्म्या वेगाने चालवून रेकॉर्ड केला, नेहमीच्या वेगाने लावल्यावर तो तसा टणटणीत वाजला. जानेवारी 1967 मध्ये पॉल मॅकार्टनीने टीव्हीवर बाखचा दुसरा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो पाहिला, त्यातला बारीक उंच ट्रंपेट त्याला आवडला, आणि तो वाजवणाऱ्या डेव्हिड मेसनलाच थोड्या दिवसांत बोलावून 'पेनी लेन'मध्ये वाजवायला लावलं. त्याच वर्षीचं प्रोकोल हॅरमचं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' तर बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सुइटमधल्या 'एअर'ची आठवण करून देतं, आणि नीट ऐकलंत तर सारखेपणा वरच्या चालीत कमी आणि पायरीपायरीने उतरणाऱ्या बेसमध्ये जास्त आहे. म्हणजे पुन्हा बेसच! त्या गाण्यातला ऑर्गनचा तुकडा मॅथ्यू फिशरने रचला होता, त्याचा हिस्सा मिळवायला तो कोर्टात गेला आणि 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला. बाखच्या वारसांनी काही मागितलं नाही.

सरळ उचललेल्या चालींमध्ये एक मजेशीर केस आहे. 1965 मध्ये द टॉइज या ग्रुपचं 'अ लव्हर्स कॉन्चेर्टो' अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, ते जी मेजरमधल्या मिन्युएटवर आहे, तोच जो कीबोर्डच्या क्लासमध्ये पोरांकडून घोटून घेतात. तीन मात्रांचा नाच चार मात्रांत बसवला, बस. सगळे म्हणायचे बाखची चाल, पण ती बाखच्या बायकोच्या वहीत उतरवून ठेवलेल्या रचनांपैकी आहे आणि मूळ क्रिस्टियान पेट्झोल्ड नावाच्या माणसाची, हे पुढे उजेडात आलं. उलट दिशेचा प्रवास पॉल सायमनच्या 1973 च्या 'अमेरिकन ट्यून'मध्ये दिसतो. ती चाल बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'मधली, पण बाखचीही मूळ नाही, हास्लर नावाच्या संगीतकाराने 1601 मध्ये केलेलं प्रेमगीत होतं, मग त्यावर भजन बसलं, मग बाखने वापरलं. प्रेमगीताचं भजन आणि भजनाचं परत पॉप. फुटबॉल बघत असाल तर रात्री जागून चॅम्पियन्स लीगचं जे गाणं ऐकता ते टोनी ब्रिटनने 1992 मध्ये हँडलच्या 'झेडॉक द प्रीस्ट'वरून केलंय, आणि ते 1727 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी लिहिलेलं.

एका गोष्टीबद्दल मात्र लोक फार कमी बोलतात, ती म्हणजे सिंथेसायझर. 1968 चा वेंडी कार्लोसचा 'स्विच्ड-ऑन बाख'. तेव्हाच्या मूग सिंथेसायझरवर एका वेळी एकच सूर वाजायचा, कॉर्ड धरायची सोयच नाही. अशा यंत्रावर रोमँटिक काळातलं घसघशीत काही वाजवायला गेलात तर फजिती, पण बाखमध्ये प्रत्येक ओळ स्वतंत्र चाल असते, म्हणून एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करून एकावर एक रचता आली. दहा लाखांच्या वर प्रती खपल्या, तीन ग्रॅमी मिळाले, आणि तोवर ज्याला लोक चित्रविचित्र आवाजांचं खेळणं समजत होते ते वाद्य म्हणून मान्य झालं. आजच्या पॉपमध्ये सिंथ किती आहे ते मी वेगळं सांगायला नको.

हेवी मेटलवाल्यांबद्दल एवढंच की डीप पर्पलच्या 'हायवे स्टार'च्या (1972) सोलोखालच्या कॉर्ड बाखच्या वळणाच्या आहेत असं रिची ब्लॅकमोअरने स्वतः सांगितलंय, आणि पुढे यंग्वी मालमस्टीन या गिटारवाल्याने तेच इतकं ताणलं की मला तरी दोन गाण्यांनंतर दमायला होतं. ज्यांना आवडतं त्यांनी माफ करा.

आपल्याकडचं विचारलंय म्हणून. इळैयराजांचा 1986 चा 'हाउ टू नेम इट' हा अल्बम त्यागराज आणि बाख या दोघांना अर्पण केलेला आहे, त्यातलं 'आय मेट बाख इन माय हाउस' जरूर ऐका, बाखचं व्हायोलिन आणि कर्नाटक ढंग एकत्र. आणि हिंदी सिनेमातला गोव्याचा धागा. तिथे चर्चच्या शाळांमध्ये पोरांना प्रार्थनेसाठी सॉल्फा (डो-रे-मीची सरगम) आणि व्हायोलिन शिकवायचे, शेकडो वर्षं, त्यातूनच अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे लोक मुंबईच्या स्टुडिओंमध्ये आले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत गायिकेच्या चालीमागे व्हायोलिनची वेगळीच चाल चालू असते ना, तिला वादक मंडळी 'ऑब्लिगेटो' म्हणतात. बरोकमध्ये गायकाच्या बरोबरीने दुसरं वाद्य आपली चाल वाजवतं त्यालाही हेच नाव आहे. एकाच चालीच्या आपल्या गाण्यात दुसरी स्वतंत्र चाल शिरली ती या लोकांच्या हाताने, आणि अँथनी गोन्साल्विसांकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालजींनी ती पुढे कुठच्या कुठे नेली.

तुमचा शेवटचा प्रश्न, गाणी लिहायला बरोक ऐकून फायदा होईल का. होईल, पण चाली उचलायला जाऊ नका. हेडफोन लावा, वरचं सगळं सोडून फक्त बेस गुणगुणा. आधी पर्सेलची राणी, मग मोंतेव्हेर्दी, मग बाखची 'एअर', आणि कॅनन ऐकायचाच असेल तर जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं रेकॉर्डिंग शोधा, ते पायारच्या रेकॉर्डिंगपेक्षा बरंच वेगात असतं. कॅननला जोडून पाखेलबेलने एक जीगसुद्धा लिहिलीय, नाचाची, दीडेक मिनिटाची. ती सहसा कोणी लावत नाही, तुम्ही लावा.